मज्जारज्जूची दुखापत आणि आपल्याच पांढऱ्या पेशी

मे महिन्यात कोकणातून आमच्याकडे असे पेशंट येतातच. आंबे काढताना फांदी मोडते, माणूस पाठीवर आपटतो आणि छातीखालचं काही हलेनासं होतं. अशाच एका तरुणाच्या आईने मला विचारलं, "डॉक्टर, आतली सूज उतरली की पाय हलतील ना?" हो म्हणून टाकावं असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू! तुमच्या घरीही हा प्रश्न पडला असेल, म्हणून लिहितो.

पडताना मज्जारज्जूला बसतो तो पहिला मार. पण पुढचे काही दिवस, कधी आठवडे, इजा आतल्या आत पसरत राहते आणि त्यात आपल्याच संरक्षक पेशींचा हात असतो. मज्जारज्जूत कायम मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया लगेच जाग्या होतात. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल पोहोचतात. जंतू मारायची त्यांची रसायनं इथे जंतू नसतानाही सुटतात आणि शेजारच्या चांगल्या पेशी भाजून काढतात. दोन-तीन दिवसांनी येतात मॅक्रोफेज, बकासुरच म्हणा. तुटलेल्या तंतूंवरचं मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण त्या खातात. ही सफाई हवीच, कारण मायलिनचे तुकडे तंतूंची नवी वाढ अडवतात. पण खाऊन झाल्यावरही त्यातल्या बऱ्याच जणी तिथेच ठाण मांडतात आणि सूज धुमसत ठेवतात.

मग या पेशी दाबून टाकायच्या का? १९९० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोठ्या डोसमध्ये दिल्यास फायदा दिसला. मी निवासी डॉक्टर असताना आम्ही घड्याळ बघत ते इंजेक्शन घेऊन धावायचो. पुढे तो फायदा शंकास्पद ठरला. न्यूमोनिया आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र खरा निघाला. २०१३ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जननी ते देऊ नये असं सांगितलं. काही तज्ज्ञ निवडक रुग्णांना आजही देतात. उलटा प्रयोगही झाला. रुग्णाच्याच मॅक्रोफेज मज्जारज्जूत टोचल्या. उंदरांत आशा दिसली होती, माणसांत फायदा झाला नाही. आणि उंदरांतल्या मायक्रोग्लिया औषधाने काढून टाकल्या, तर त्यांची सुधारणा आणखी खालावली!

म्हणून "इम्युनिटी वाढवणारं काहीतरी द्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी सरळ नाही म्हणतो.

त्या आईला मी सांगितलं, सूज उतरेल, पण मेलेले तंतू त्याने परत येत नाहीत. किती हालचाल येईल ते पुढच्या तपासण्यांत हळूहळू कळेल. आणि एक गोष्ट तिला दोनदा सांगितली. दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर पांथरीसारख्या अवयवांना जाणाऱ्या नसांचं नियंत्रण सुटतं आणि सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात लघवीची जळजळ त्याला कळणार नाही, पाठीवरची जखम दुखणार नाही. ताप, गढूळ लघवी, कफ, लाल पडलेली कातडी, हे तुम्हीच बघायचं.

घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचा सकाळी सहाला फोन आला. "ताप नाही हो, पण लघवी गढूळ वाटतेय. आणू का त्याला?"

"आत्ताच निघा," मी म्हटलं.