रविवारची ओळ

"पोरीनं सगळे अहवाल उडवले." अण्णा हे दुकानात बोलले असते तर मी कदाचित गिळलं असतं. ते बोलले बाहेर, चहाच्या टपरीवर, दूध संस्थेच्या सचिवांसमोर. तिथं आणखी चार जण कपबशी धरून उभे होते, आणि त्यातले दोघे आमच्याच वाडीचे. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत आईला सगळं माहीत होतं.

आमचं दुकान किकवीत, हायवेच्या सर्व्हिस रोडला. झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. अण्णा मालक, मी ऑपरेटर. एमएस-सीआयटी केलं, श्रीलिपीवर हात बसला, तेव्हापासून इथंच आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर हा अहवालांचा सीझन. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी १४ दिवसांची नोटीस, आणि नोटिशीबरोबर अहवाल. अहवाल कुणी नव्यानं टाइप करत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदातले आकडे बदलायचे, श्रद्धांजलीची नावं बदलायची, चेअरमन बदलले असतील तर फोटो बदलायचा. त्यामुळे अहवालांचं फोल्डर म्हणजे दुकानाची तिजोरीच. आसपासच्या सगळ्या सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था त्यात होत्या. एका सोमवारी सकाळी मशीन सुरू केलं तर ते फोल्डरच नाही. रिसायकल बिनही रिकामं.

मशीनला हात लावणारी मी एकटी. म्हणून मीच.

बॅकअप नव्हता असं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मशीनमध्ये खंडणीवाला व्हायरस शिरला होता. प्रत्येक फाइलच्या नावाला शेपूट लागलं, आणि जागोजागी एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर निम्मे. तेव्हा माझा हिंजवडीत नोकरी करणारा मामेभाऊ गावी जाताना दुकानात थांबला आणि रेस्टिक नावाचं एक सॉफ्टवेअर घालून गेला. फुकटचं आहे, अलेक्झांडर नॉयमान नावाच्या जर्मन माणसानं सुरू केलेलं. रोज रात्री आठला ते आपलंआपण चालायचं आणि बाहेरच्या एक टीबीच्या डिस्कवर सगळं उतरवून घ्यायचं. मशीन सुरू असेल तरच, हे महत्त्वाचं. पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे लिहिलेला. दर वर्षी कॅलेंडर बदललं की तो मी नव्या कॅलेंडरवर उतरवायची.

ती डिस्क मी अण्णांना त्याच सकाळी दाखवली. त्यांनी ती पेन ड्राइव्हसारखी उघडली. आत डेटा, इंडेक्स, कीज, लॉक्स, स्नॅपशॉट्स अशी फोल्डरं. डेटामध्ये शिरलं तर दोन-दोन अक्षरांच्या नावांची फोल्डरं, शून्य-शून्यपासून एफएफपर्यंत, २५६. त्यांच्यात लांबलचक अगम्य नावांच्या फायली. एकही उघडेना. "हा तर नुसता कचरा आहे. तुझा भाऊ काय करून गेला?" मग सीपीयू उचलून गाडीत घातला आणि पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडे. तिथून परत आलं ते पेन ड्राइव्हभर फायली, नावं गेलेल्या, नुसते आकडे. निम्म्या उघडतच नव्हत्या. जे बिल झालं त्यातलं अर्धं माझ्या पगारातून कापायचं ठरलं. ठरलं म्हणजे अण्णांनी ठरवलं.

भावाला फोन लावला तर त्याचं पहिलंच वाक्य: "ताई, तो कचरा नाही. सगळं कुलूपबंद आहे, म्हणून तसं दिसतंय. ती काळी खिडकी उघड."

काळ्या खिडकीत माऊस चालत नाही. लिहायचं, एंटर मारायचा, वाट बघायची. रेस्टिक, मग डिस्कचा पत्ता, मग स्नॅपशॉट्स. पासवर्ड विचारला. टाइप करतेय तर पडद्यावर काहीच उमटेना, चांदण्यासुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्ड मेला. "दिसत नाही, पण जातंय. लिही आणि एंटर मार." मारला, आणि खिडकीत एक लांब यादी सरकत गेली. प्रत्येक ओळीत आठ अक्षरांचा नंबर, तारीख, वेळ, मशीनचं नाव. एक ओळ म्हणजे एका रात्रीचं अख्खं दुकान.

रोज अख्खं दुकान उतरवलं तर एक टीबी कसा पुरला, हे मी विचारलंच. तो म्हणाला, फायलींचे तुकडे पाडतं, आणि जो तुकडा आधीच डिस्कवर आहे तो पुन्हा ठेवतच नाही, फक्त त्याची नोंद घेतं. हे ऐकून मला त्या नॉयमानबुवाचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडे एकाच सातबाऱ्याच्या सतरा झेरॉक्स पडलेल्या असतात.

मग मी त्या तारखा वाचायला लागले. भाऊ पलीकडून सांगत होता की आता अमुक लिही, माझं लक्ष नव्हतं. सोमवार ते शनिवार, रोज आठ वाजता एक ओळ. रविवार नाही. पुन्हा सोमवार ते शनिवार. रविवार नाही, कारण रविवारी दुकान बंद, रात्री आठला मशीन बंद, बॅकअप कुठून होणार? अशीच यादी महिनोन्‌महिने मागे गेलेली. आणि त्या एका आठवड्यात शनिवारच्या खाली, सोमवारच्या आधी, एक ओळ जास्त होती. रविवार, रात्री आठ.

मी कालनिर्णय काढून तारीख ताडून पाहिली. रविवारच. त्या रविवारी मी माहूरला, मावशीकडे. किल्ली अण्णांच्या घरी.

भाऊ म्हणाला, दोन रात्रींतला फरक बघता येतो. डिफ लिहायचं आणि पुढे दोन्ही ओळींचे नंबर. शनिवारचा आणि रविवारचा नंबर घातला. आधी वजाच्या खुणा आल्या, एकाखाली एक, माझ्या अहवालांची नावं. पेजमेकरला मराठी नावं झेपत नाहीत म्हणून मी ती इंग्रजी अक्षरांत लिहिते, ते बरं झालं, कारण त्या खिडकीत मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. वजा संपल्यावर अधिकच्या खुणा आल्या. नव्या आलेल्या फायली. सिनेमे. साउथचे डब केलेले, हॉलीवूडचे, एक तर थिएटरात अजून चालू असलेला. डी ड्राइव्ह भरलेला होता, सिनेमांना जागा हवी होती, सगळ्यांत जड फोल्डर कुणाला तरी फालतू वाटलं. अण्णांचा भाचा तेव्हा बारावीला होता आणि रविवारी आमच्या दुकानातलं फुकटचं इंटरनेट वापरायचा, हे सगळ्या किकवीला ठाऊक.

फायली परत आणणं मग सोपं होतं. रिस्टोर, शनिवारचा नंबर, कुठं ठेवायचं ते, आणि फक्त अहवालांचं फोल्डर. जुन्या जागेवर नाही, नव्या फोल्डरात, हा भावाचा हट्ट. त्यात पुन्हा डी नावाचं फोल्डर तयार झालं आणि त्याच्या आत सगळं जसंच्या तसं. सचिवांच्या संस्थेची फाइल उघडली, श्रद्धांजलीचं पान समोर आलं, आणि मला रडू आलं. ते कशाचं रडू होतं ते जाऊ दे.

मी अण्णांना खिडकी दाखवली. रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं, मग खाली वजा, मग अधिक. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मशीनच्या तारखेचं काय खरं? सेल गेला की घड्याळ चुकतं." त्याच मशीनवर त्याच घड्याळानं आम्ही रोज बिलं काढतो. मी तेही बोलले. ते उठून बाहेर गेले.

संध्याकाळी भाचा आला तर त्याला दुकानातच, माझ्यासमोर, दोन मुस्काटात बसल्या. पोरगा काही बोलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. इतके दिवस मला फक्त खरं काय ते कळायला हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण त्या वेळी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? रात्री मात्र वाटलं की फायली तर मिळाल्या होत्या, ते वजा-अधिक दाखवायची काय गरज होती? आणि सकाळी पुन्हा वाटलं, का नाही दाखवायचं? मला टपरीवर बदनाम केलं तेव्हा कुणाला रात्रीची झोप लागली नव्हती?

ज्यांच्याकडे असली डिस्क आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी एखादी फाइल परत काढून बघावी. पासवर्ड मालकालाही ठाऊक असावा, कारण तो हरवला तर रेस्टिक लिहिणाऱ्यालाही ते कुलूप उघडता येत नाही, असं भाऊ सांगतो. आणि मालकांनी ऑपरेटरवर आळ घेण्याआधी निदान विचारावं तरी. किकवीपासून शिरवळपर्यंत माझ्यासारख्या किती मुली दुकानांत बसतात. काहीही बिघडलं, कार्ट्रिज संपलं, लाइट गेली, फॉर्म रिजेक्ट झाला, की "पोरीनं केलं." त्यांच्यातल्या कितीजणींना हिंजवडीचा मामेभाऊ आहे?

सचिवांचा अहवाल वेळेत छापून गेला. टपरीवर मात्र अण्णा पुन्हा त्या विषयावर काही बोलले नाहीत, आणि जे बोलले होते ते परत घ्यायला तिथं आता कुणी उभं नाही. कापलेले पैसे मला दिवाळीला मिळाले. पाकिटावर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, बोनस.