तात्यांसाठी केलेली शीट

गेल्या दिवाळीत बिबट्यानं वस्तीवरून मोत्याला उचललं. सकाळी खुंटीला तुटका पट्टा आणि उसाच्या सरीत ओढत नेल्याची खूण, एवढंच उरलं होतं. आमचं गाव संगमनेर तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस. चहा पिताना तात्या मला म्हणाले, "तू इंजिनियर ना? मग सांग, लांबून टिपायला कुठली बंदूक लागंल?"

मला हसू आलं नाही. मोत्याला मीच आणला होता, कॉलेजात असताना.

दोन रात्री मी परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघितले आणि सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. कॅलिबर, स्कोप, वजन, रेंज. २०० मीटरवर झिरो केलेल्या ६.५ क्रीडमूरची गोळी ३०० मीटरवर साधारण २० सेंटिमीटर खाली लागते. पुढे अंतर वाढेल तसं हे गणित बिघडत जातं, वाऱ्याचा हिशोब वेगळा. खरं सांगतो, मजा येत होती. राग आकड्यांत घातला की तो राग वाटत नाही.

कायद्याचा कॉलम मी सगळ्यात शेवटी टाकला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण तो माणसाच्या जिवावर उठला असेल आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं जमत नसेल तरच. मोत्या माणूस नव्हता.

तिसऱ्या रात्री लाईट साडेबाराला आली. दादांबरोबर मी दारं धरायला गेलो. बॅटरीचा उजेड दहा फुटांवर पाचटात अडकत होता. माझ्या शीटमध्ये रेंज होती ५०० मीटर. इथं बिबट्या दिसलाच तर दहा फुटांवर दिसणार, आणि त्याआधी त्यानं आम्हाला पाहिलेलं असणार. नेम चुकून तो जखमी झाला तर शिरणार त्याच उसात, जिथं उद्या तोडणीची टोळी पोराबाळांसकट येणार. मी रिक्वायरमेंट न वाचताच डिझाइन केलं होतं.

मग भुलीच्या बंदुकीबद्दल वाचलं. तिचं सगळं उलटं असतं. रायफलवाला विचारतो, किती लांबून जमेल? इथं विचार करायचा, किती जवळ जावं लागेल. डार्ट जड आणि संथ, त्यामुळे अंतर काही दहा मीटरांचंच. दाब जास्त झाला तर हाड मोडतं. नेम मांडीच्या मांसल भागावर, औषध वजनाच्या अंदाजानं, आणि ते चढेपर्यंत काही मिनिटं जनावर मोकळंच.

पकडून लांब सोडलं तरी प्रश्न मिटत नाही. २००९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वरजवळ, विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं होतं. 'आजोबा' नाव त्याचं. तो शंभरावर किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे एकाला मारलं तरी ऊस आणि कुत्री तिथंच राहणार, आणि मोकळ्या जागेत दुसरा येणार.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे बंदूक नाय."

"नाही."

"मग तुझा बाप रात्री जातो, त्याचं काय?"

या प्रश्नाला शीटमध्ये कॉलम नव्हता.

मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर आमच्याकडे आधीच होता. पण दारं हातानंच मोडावी लागतात. रात्री उसात पाय घालायची वेळ येते ती त्यासाठी. म्हणून यंदा दोन एकरांवर ठिबक टाकलं, निम्मे पैसे मी भरले. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारली. नवं कुत्रं आणलंय, ते रात्री आत असतं.

उरलेल्या तीन एकरांत दादा अजून जातात. रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात मी पुण्यातून एक वाजता फोन करतो. ते स्पीकरवर ठेवतात आणि आम्ही मोठ्यानं बोलतो. विषय काहीही असतो. आवाज बांधापर्यंत गेला पाहिजे, एवढंच.