चवीपुरते

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘बार्बेक्यू’ हा शब्द विस्तवावर झटपट भाजलेल्या पदार्थासाठी नव्हे, तर लाकडाच्या निखाऱ्यांच्या मंद धगीवर आणि धुरात दहा-बारा तास शिजत ठेवलेल्या मांसासाठी वापरला जातो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात हे मांस डुकराचे, हे सांगावेही लागत नाही. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर शिजवून त्यावर व्हिनेगर आणि लाल मिरचीचे पातळ पाणी घालतात, तर पश्चिमेकडे लेक्झिंग्टनच्या परिसरात फक्त खांद्याचा भाग घेऊन त्याच व्हिनेगरात थोडे केचप मिसळतात, आणि यांतले खरे कोणते यावरचा तेथील वाद अजून मिटलेला नाही. मांसाबरोबर कोबीची आंबटसर कोशिंबीर, मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे, फरसबी आणि ‘कॉलर्ड’ म्हणजे कोबीच्या कुळातील जाड पानांची भाजी असे पदार्थ येतात.

रॅली शहराजवळ राहणाऱ्या या लेखिकेच्या कुटुंबात पती आणि मुलगा या जेवणाचे शौकीन, तर बार्शीहून काही आठवड्यांसाठी आलेले लेखिकेचे वडील माळकरी, म्हणजे पंढरपुरात तुळशीची माळ घालून मांस आणि मद्य वर्ज्य केलेले वारकरी. घरात मटण शिजते, त्यांनी स्वतः चाळिशीपर्यंत ते खाल्लेले आहे. त्यामुळे येथे प्रश्न जन्माने आलेल्या सोवळ्याचा नव्हता, समजून-उमजून घेतलेल्या आणि सव्वीस वर्षे पाळलेल्या व्रताचा होता. सर्वांनी एकत्र बसावे एवढ्याच इच्छेने एका शनिवारी कुटुंब अशा एका ठिकाणी गेले, आणि वडिलांसाठी फरसबी मागवण्यापूर्वी लेखिकेने वाढणाऱ्या बाईंना यात मांस आहे का, असे विचारले. ‘नाही, नुसत्या शेंगा आहेत,’ असे उत्तर मिळाल्यावर, खात्रीसाठी, वडील मांसाला शिवत नाहीत हेही सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर तेच आले.

वाटी अर्धी संपल्यावर वडिलांच्या चमच्यात गुलाबी धाग्यांचा, चरबी लागलेला एक तुकडा आला. त्यांनी तो काही न बोलता ताटाच्या कडेला ठेवला आणि पाणी प्यायले. त्याच बाईंना बोलावून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की हे मांस नव्हे, चवीपुरते घातलेले आहे. व्यवस्थापकांनीही तेच सांगितले, त्या वाटीचे पैसे बिलातून वजा केले आणि प्रकरण मिटले असे मानले. दोनदा, कारणासह विचारलेल्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराची भरपाई एका वाटीच्या किमतीत कशी होते, हे लेखिकेला आजही कळलेले नाही. मांस खाणाऱ्याच्या ताटात चुकून भाजी गेली तर त्याचे काही जात नाही. उलट घडले तर जे जाते ते परत करण्याचा कोणताही उपाय त्या गल्ल्यावर नव्हता.

त्या भागातील स्वयंपाकाची माहिती नंतर करून घेतल्यावर या रागाला एक गाठ पडली. भाजीत घातला जाणारा ‘हॅम हॉक’ हा डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा, हाडाचा आणि कातडीचा, खारवून धुरावलेला भाग असतो. गुलामगिरीच्या काळात मळ्यावरील मालकाच्या घरी चांगले मांस जाई आणि कृष्णवर्णीय गुलामांच्या वाट्याला असे निकृष्ट तुकडे येत. त्यांतल्या एकाने भांडेभर पाल्याला चव आणायची आणि उरलेले पाणीही मक्याच्या भाकरीबरोबर खायचे, ही त्या माणसांची काटकसर होती. त्या भांड्यातील तुकड्याला त्यांनी मांस म्हटले नाही यामागे फसवणूक नाही, हे मान्य करावेच लागते. कोकणातही वांग्याच्या भाजीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडतात आणि तिला वांग्याची भाजीच म्हणतात. मात्र घरी माळकरी पाहुणा येणार असेल तर तेथील गृहिणी विचारण्याची वाट न पाहता वेगळ्या भांड्यात बिनसोड्याची भाजी करते. विचारणाऱ्याला खरे सांगण्यासाठी त्याचा धर्म ठाऊक असण्याची गरज नसते.

अमेरिकेच्या दक्षिणेत जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनी ‘मांस आहे का’ असे न विचारता भाजी कशाच्या पाण्यात शिजवली, तीत हाड, चरबी किंवा बेकन आहे का, असे एकेक नाव घेऊन विचारावे. पण हा सल्ला देतानाही, प्रश्न नीट विचारण्याचा भार पाहुण्यावरच टाकला जातो आहे, हे लेखिकेला टोचते. त्या ठिकाणी पुन्हा पाऊल ठेवायचे नाही असे तिने ठरवले होते. त्यानंतर मुलाच्या हट्टाखातर ती दोनदा जाऊन आली, आणि तेथील मांस उत्तम असते हेही तिला नाकारता येत नाही.

वडिलांनी तक्रार करू दिली नाही. त्या रात्री त्यांनी माळ उतरवून विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवली आणि ती आता कार्तिकीला पंढरपुरात जाऊनच घालायची असे सांगितले. मुक्कामाचे उरलेले 19 दिवस जेवायला बसताना त्यांचा हात सवयीने गळ्याकडे जात असे.