वीस फूट कुठून आणायचे?

देवनागरी १ आणि ९ यांच्यात फरक फक्त एका छोट्या वळणाचा. पण राज्यघटनेत कलम ३१५ म्हणजे लोकसेवा आयोग आणि कलम ३९५ म्हणजे घटनेतलं शेवटचं कलम. नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री साडेदहाला हे वळण शोधायला मी फोन पार नाकापाशी आणते आणि मग कपाळ ठणकायला लागतं. माझ्या रांगेतल्या बऱ्याच जणींचं हेच रडगाणं आहे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मान वर केली की समोरचं घड्याळ क्षणभर धूसर दिसतं. आणि पूर्वपरीक्षा तोंडावर. ती मात्र कागदावरच होते, ही त्यातली गंमत.

सगळे दोष स्क्रीनच्या उजेडाला देतात. चष्म्याच्या दुकानात निळ्या उजेडाची छोटी टॉर्च असते. ती ब्लू-कट काचेवर मारून उजेड कसा अडतो ते दाखवतात, जादूचा प्रयोगच. काच उजेड अडवते हे खरं, पण त्याने डोळे कमी थकतात का, हा वेगळा प्रश्न. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा थोड्या काळाच्या वापरात तरी साध्या काचेपेक्षा जास्त फायदा बहुधा होत नाही, असं दिसलं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही हे चष्मे घ्या असं म्हणत नाही. तेवढ्या पैशांत आप्पा बळवंत चौकात एक पुस्तक येतं.

मग थकवा येतो कुठून? आपल्या नोट्सच्या पीडीएफ ए-फोर कागदासाठी बनवलेल्या असतात. तो कागद २१ सेंटिमीटर रुंद, फोन जेमतेम ७. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होऊन बसतं. इंग्रजी अक्षर त्यातही कसंबसं तग धरतं. मराठीत वर अनुस्वार, रफार, वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. घचा ध होतो, भचा म. मेंदू अंदाजाने पुढे जातो, डोळे पुन्हा मागे येऊन खात्री करतात, असं दिवसाचे दहा तास. त्यात एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी टक लावून बघताना निम्म्यावर येते आणि डोळ्यांतला ओलावा सुकतो. ती वाळू म्हणजे हेच.

रूममेटकडे किंडल आहे. त्याच्या पडद्यावर मागून उजेड येत नाही, काळे-पांढरे बारीक कण हलून अक्षर उमटतं, अगदी कागदासारखं. त्यावर मराठी कादंबरी वाचताना डोळे खरंच निवतात, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पण आमच्या नोट्सची पीडीएफ टाकली की तिथेही मुंग्याच! पडद्यापेक्षा पान महत्त्वाचं, हे मला तेव्हा पटलं. डार्क मोडचंही तसंच: सिलिंड्रिकल नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी मात्रा पसरून शेजारच्या अक्षरात शिरते.

खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी गेल्यावर सगळं छापून घेणं परवडत नाही. म्हणून मी वाटणी केली आहे. जिथे आकडे आहेत ते कागदावर: राज्यघटना, भूगोलाचे तक्ते. बाकी फोनवर, पण फोन आडवा धरून. रुंदी दुप्पट होते, अक्षर ८ पॉइंटपर्यंत जातं. अंगठा जास्त चालतो, चालू दे.

डॉक्टर म्हणाल्या, दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघ. जवळचं बघताना आखडलेला डोळ्यातला स्नायू तेवढ्याने सैल पडतो. मी खोलीत परत येऊन मोजलं. कॉटपासून भिंत सात फूट, खिडकीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी हाताच्या अंतरावर, तिथल्या आजी वाळत घातलेल्या साडीमागून माझ्याकडेच बघत होत्या. अभ्यासिकेत तर तिन्ही बाजूंनी प्लायवूड. पेठेत लांबचं असं काही नाहीच.

त्यामुळे संध्याकाळी भिडे पुलावर जाते. नदीपात्रात उभं राहिलं की पलीकडच्या डेक्कनच्या पाट्या वाचता येतात, हळूहळू, एकेक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली जातो. त्या दिवशी गच्ची.