एचएसआरची पहाट, कळसूबाईची शिडी आणि कपाळावरचा दिवा

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये पहाटे सव्वापाचला पळायला निघालात, तर पहिली पाच मिनिटं तुम्ही रस्ता बघत नाही, आठवता. कुठली लादी हलते, कुठे लादीच नाही आणि खाली पावसाच्या पाण्याचं गटार आहे, कुठल्या झाडावरून इंटरनेटची केबल गळ्याच्या उंचीवर लोंबते, हे सगळं पाठ असावं लागतं. रस्त्यावर दिवे आहेत, नाही असं नाही. पण झाडं इतकी दाट की निम्मा उजेड फांद्यांतच अडकतो. ही झाडं आहेत म्हणून तर इथे पळायला मजा येते, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. नाव रस्त्यांचं असलं तरी आम्हा पळणाऱ्यांचं सगळं लक्ष अगरा तलावाकडे. जानेवारीत इथे सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि ऑफिसची बस कुणासाठी थांबत नाही. म्हणून मी हेडलॅम्प घेतला. ऑनलाइन, स्वस्तात, डब्यावर '१००० ल्युमेन, ८ तास' असं ठळक छापलेला. रोज पाऊण तास पळायचं, आल्यावर चार्जिंगला लावायचं. वर्षभर काही बिघडलं नाही. म्हणूनच तर मी फसले.

डिसेंबरात गावी गेलो तेव्हा सूर्योदय बघायला कळसूबाईला जायचं ठरलं. बारी गावातून रात्री अडीचला निघालो, मी आणि माझी चौदा वर्षांची भाची. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वाटेत कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. चारच्या सुमाराला दुसऱ्या शिडीपाशी आलो आणि माझा दिवा पिवळट झाला. मग मिणमिणला. मग गेला. खिशात मोबाइल होता, पण शिडी चढताना दोन्ही हात लोखंडाला हवेत, मोबाइल धरायचा कशाने? शेवटी भाची आधी चढली, वर पाय रोवून बसली आणि तिचा दिवा खाली माझ्या पायांवर धरून म्हणाली, "आत्या, घाई करू नकोस." तिच्या जबाबदारीवर मी गेले नव्हते, ती माझ्या जबाबदारीवर आली होती. सूर्योदय छान झाला म्हणे. माझं लक्ष उतरायच्या वाटेकडे होतं.

परत आल्यावर मी डब्यावरचे आकडे नीट वाचायला शिकले. तेच तुम्हाला सांगते.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. चांगल्या कंपन्या 'एएनएसआय एफएल १' या मानकाप्रमाणे मोजून आकडे देतात. त्यात तेज मोजतात ते दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. आणि 'इतके तास चालतो' हे मोजतात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत! म्हणजे ३०० ल्युमेनचा दिवा शेवटी ३० वर आला तरी कागदावर तो 'चालू'च असतो. म्हणून सगळ्यात मोठा आकडा सोडा. मधल्या तेजावर, साधारण १०० ल्युमेनला, किती तास मिळतात ते बघा. ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो दिवा तिथेच ठेवा.

बॅटरीचंही तसंच. बऱ्याच मोठ्या हेडलॅम्पमध्ये १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा असा सेल साधारण ३५०० एमएएचचा मिळतो. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर ते थापच समजा.

फक्त एचएसआरच्या रस्त्यांवर पळायचं असेल तर १५० ते २०० ल्युमेन भरपूर झाले. तिथे वजन महत्त्वाचं. दुकानात दिवा डोक्याला बांधून खुशाल दहा उड्या मारा. लोक बघतील, बघू देत. दिवा नाकावर आला तर तो पळण्याच्या कामाचा नाही. पाठीमागे लाल दिवा असेल तर उत्तम, गाडीवाल्याला तुम्ही दिसायला हवं.

पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन दिवस हिंडायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे हवी कमी तेजावर रात्रभर टिकणारी बॅटरी, बदलता येणारा सेल किंवा टाइप-सीने पॉवर बँकवर चार्ज होण्याची सोय, आणि बटण लॉक करता येणं. नाहीतर दिवा सॅकमध्येच दाबला जाऊन आपोआप लागतो आणि रात्री हातात मेलेला दिवा येतो. पावसाच्या शिंतोड्यांना आयपीएक्स ४ पुरतं. सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी मी आयपीएक्स ७ घेईन, तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. दोन्हींसाठी एकच घ्यायचा असेल तर ट्रेकचा विचार करून घ्या, फक्त वजन शंभर ग्रॅमच्या आत ठेवा.

धुक्यात मात्र कपाळावरचा दिवा दगा देतो. उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी तो काढून कमरेजवळ हातात धरा. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर पांढरा उजेड बंदच ठेवा. पायाखालचं बघायला मंद लाल पुरतो, आणि अंधाराला सरावलेले डोळेही बिघडत नाहीत. त्यांना पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि नवा दिवा आणलात की आधी घरी परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करून मधल्या तेजावर अंधाऱ्या खोलीत लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने डोकावून या. माझ्या जुन्या दिव्याची मी ही परीक्षा कळसूबाईनंतर घेतली. एक तास चाळीस मिनिटं.

आता नवा दिवा आहे, बिनभपक्याचा, मधल्या तेजावर सहा तास टिकणारा. कोपऱ्यावर फुलांच्या माळा मोजत बसणाऱ्या अज्जी दिसल्या की मी तो कपाळावरून खाली वळवते. पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर उजेड गेला होता आणि कन्नडमध्ये जे ऐकावं लागलं, ते समजायला भाषा येण्याची गरज नव्हती.