ताईचा ब्लॉक

न्यू जर्सीतल्या माझ्या ताईचा स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला, तेव्हा धीर द्यायला माणसं पुष्कळ आली. ताईला मात्र काहीतरी काम हवं होतं. ते तिला बोस्टनकडच्या संशोधकांनी दिलं. ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये 'मेटास्टॅटिक ब्रेस्ट कॅन्सर प्रोजेक्ट' सुरू केला होता. डॉ. निखिल वागळे त्याचे प्रमुख. असा पसरलेला कर्करोग असलेल्या अमेरिका-कॅनडातल्या कुणालाही घरबसल्या त्यात नाव नोंदवता येत होतं.

मी तेव्हा ताईकडेच होते. प्रश्नावली ती स्वतः भरायची. औषधांची नावं, केमोच्या तारखा मी फायलींतून शोधून द्यायची. पुढे टपालाने लाळेची नळी आली. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, म्हणून ताईने सकाळच्या चहाआधीच ती भरून टाकली. बाकीची खटपट संशोधकांची: रुग्णालयांकडून केसपेपर मागवायचे आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजेच ब्लॉक, मिळवायचा. लाळेतून जन्मजात जनुकं कळतात, ब्लॉकमधून गाठीत नंतर झालेले बदल. दोन्हींची तुलना केली की कर्करोगाने नेमकं काय बदललं ते हाती लागतं.

अमेरिकेतही बहुसंख्य रुग्ण बड्या संशोधन केंद्रांत जात नाहीत. जवळच्या रुग्णालयातच उपचार घेतात आणि त्यांचे ब्लॉक तिथल्या कपाटात पडून राहतात. शिवाय कर्करोगाच्या जनुकीय माहितीचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांचे आहेत. "आपल्यासारख्या बायका त्यात आहेतच किती?" ताई म्हणाली, तेव्हा तिचा हट्ट मला उमगला.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ होते. तिच्या गाठीत काय सापडलं, हे तिला कळवलं जाणार नव्हतं. हे संशोधन आहे, उपचार नव्हे, असं आधीच स्पष्ट केलेलं. "मग तुला काय मिळणार?" मी विचारलं. "अगं, मागून येणाऱ्यांना मिळेल की!"

मागून येणाऱ्यांना खरंच मिळतं का? याच गटाने मार्च २०१७मध्ये अँजिओसार्कोमासाठी सुरू केलेल्या प्रकल्पात याचं उत्तर सापडतं. रक्तवाहिन्यांचा हा कर्करोग इतका विरळ की एकेका रुग्णालयाला संशोधनापुरते रुग्णच मिळत नाहीत. प्रकल्पाच्या सूत्रधार कोरी पेंटर स्वतः संशोधक, आणि याच कर्करोगातून गेलेल्या. रुग्ण एकमेकांना शोधत इंटरनेटवर आधीच जमले होते; अवघ्या १८ महिन्यांत ३३८ जणांनी नोंदणी केली. पहिल्या टप्प्यात ३६ रुग्णांच्या ४७ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली.

डोकं, चेहरा, मान आणि टाळूवरच्या गाठींत जनुकीय बदल खूप जास्त निघाले, आणि त्यांवर सूर्याच्या अतिनील किरणांची छाप होती. अशा गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारी उपचारपद्धती) चालू शकते. केसपेपर पाहिले, तर यांतल्या दोन रुग्णांना ती आधीच दिली गेली होती आणि तिचा उत्तम, टिकाऊ गुण आला होता. स्तनात मुळात उद्भवलेल्या अँजिओसार्कोमात 'पीआयके३सीए' या जनुकातले बदल वारंवार दिसले. हा सगळा अभ्यास २०२०मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की नावं काढून टाकलेली माहिती जगभरच्या संशोधकांना खुली केली गेली. रुग्णांनी दिलेलं एका प्रयोगशाळेच्या कुलपात अडकलं नाही.

आपल्याकडे तर ब्लॉक बरेचदा घरच्यांच्याच हाती असतो. गावाहून परळच्या टाटा रुग्णालयात येणारे नातेवाईक रिपोर्टांच्या पिशवीतून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी व्हायला रुग्णाची संमती लागते, ती केव्हाही मागे घेता येते, आणि नैतिकता समितीत एक सर्वसामान्य नागरिकही असतो. पण काय शोधायचं, हे ठरवताना रुग्णाला विचारलं जाणं अजून दुर्मीळच आहे. हे बदलायला हवं.

तेव्हा घरात कुणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ब्लॉक कुठे आहे ते विचारून घ्या. हाती आला तर उन्हापासून जपून ठेवा. आपल्या आजारावर कुठे संशोधन चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. संमतीपत्र समोर आलं, तर आपली माहिती कुणाकडे जाणार आणि निष्कर्ष आपल्याला कळणार का, हे समजून घेतल्यावरच सही करा.