आमचा जुना संगणक

आमचे घरीं २०१६ सालीं आणलेला संगणक इतका मंदावला होता, कीं तो सुरू करून आम्हीं चहा घेऊन यावें, तरी पडदा काळाच! त्यांतच १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची मदत संपली, आणि विंडोज ११ ला आमचा जुना प्रोसेसर चालेना. बाबा म्हणाले, "नवाच घेऊं." आई कांहीं बोलली नाहीं. घरांत शिल्लक होती ती ताईच्या कॉलेजच्या फीपुरती, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

अखेर आम्हीं पेटी उघडली. आंतील धूळ पाहून लाज वाटली (वाचकांनीं आपल्या घरची पेटी एकदां उघडून पाहावी!). आजोबांचीं छायाचित्रें आधीं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीं. मग हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, ४ जीबी रॅमची ८ केली, व लिनक्स घातलें. हार्ड डिस्कची तबकडी फिरते व तिजवरील मजकूर शोधीत सुई हिंडते. एसएसडींत हलणारा भागच नाहीं. वेग वाढतो तो त्यामुळें.

आतां संगणक चटकन् उठतो. बाबांचें हिशेबाचें जुनें सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर चालेना. ते वहींतच जमाखर्च लिहितात, आणि मधून मधून आमच्याकडे पाहतात.